अ‍ॅम्पशिवाय बास आणि गिटारचे थेट ध्वनिमुद्रण

मंद्रसप्तक

नमस्कार. दादरला एका जुन्या इमारतीत, दहा बाय बाराच्या खोलीत मी बास गिटार मुद्रित करतो. आमचा बँड स्वतःच्या मराठी गाण्यांवर काम करत आहे. ड्रम्स आणि गायन स्टुडिओत होईल, पण बास आणि गिटार घरीच करायचे ठरले आहे, कारण स्टुडिओत तासाच्या हिशोबाने पैसे जातात आणि बासचे तुकडे मला सावकाश, पुन्हा पुन्हा वाजवून बसवायचे आहेत. नोकरीमुळे वाजवायला वेळ मिळतो तो रात्रीच. दहानंतर अ‍ॅम्प लावण्याचा प्रश्नच नाही. भिंतीला भिंत लागून शेजारच्या आजींची खोली आहे, आणि बासचा आवाज दाबायचा कितीही प्रयत्न केला तरी तो भिंतीतून पलीकडे पोहोचतोच. म्हणून बास सरळ ऑडिओ इंटरफेसला (वाद्याचा ध्वनी संगणकात नेणाऱ्या उपकरणाला) जोडून मुद्रण करायचे आहे.

अडचण अशी आहे की असे जोडल्यावर आवाज अगदी निर्जीव येतो. पातळी कमी, वरच्या पट्टीतली धार गायब, आणि बोटाने तार ओढल्याचा जो 'टक' असा आरंभ असतो तो ऐकूच येत नाही. बास पॅसिव्ह आहे (आत बॅटरीवरचे सर्किट नाही), फेंडरच्या 'जॅझ बास'च्या धर्तीचे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका वेटोळ्याचे, पिकअप आहेत, केबल सहा मीटरची आहे आणि ती इंटरफेसच्या मागच्या बाजूच्या लाइन इनपुटमध्ये लावलेली आहे. त्यातच एक घूंऽऽ असा आवाज सतत येतो, जो तारांना हात लावला की बराच कमी होतो. अ‍ॅम्प नसल्यामुळेच हे सारे होते आहे का, त्यासाठी वेगळा डीआय बॉक्स (वाद्य थेट मुद्रणाला जोडण्यासाठीची पेटी) घ्यावा लागेल का, आणि त्या आवाजाचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तांबेतार

अ‍ॅम्प नसल्यामुळे असे होत नाही; केबल चुकीच्या जागी लावली असल्यामुळे होते. डीआय बॉक्स विकत घेण्यापूर्वी हे एकदा नीट समजून घ्या, कारण हाच या विषयाचा गाभा आहे आणि बहुतेक ठिकाणी तो एका वाक्यात उरकलेला असतो.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तुमच्या बासवर आहेत तसल्या पिकअपचा साधा विद्युत रोध ७ ते ८ हजार ओहम असतो, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण), जे ३ ते ४ हेन्री असते. इंडक्टन्समुळे पिकअपचा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) स्वराच्या उंचीबरोबर वाढत जातो. ४ हेन्री धरले तर १०० हर्ट्झला त्याचा वाटा अडीच हजार ओहम होतो, आणि ४,००० हर्ट्झला तोच एक लाख ओहमवर जातो. आता लाइन इनपुटचा इम्पीडन्स १० हजार ओहम आहे असे धरून गणित करा. १०० हर्ट्झला पिकअपने निर्माण केलेल्या व्होल्टेजपैकी निम्म्याहून थोडे अधिक इंटरफेसपर्यंत पोहोचते. ४,००० हर्ट्झला जेमतेम एक दशांश. तुम्ही म्हणता तो 'टक' असतो तो नेमका याच वरच्या भागात, आणि म्हणून तोच नाहीसा झाला आहे. ही उणीव नंतर इक्वलायझरने भरून काढायला गेलात तर धारेच्या आधी खरखर वर येईल.

गिटारच्या अ‍ॅम्पचा इनपुट साधारण १० लाख ओहमचा, म्हणजे १ मेगाओहमचा असतो. त्यापुढे पिकअपचे एक लाख ओहम नगण्य ठरतात आणि स्वर वरपासून खालपर्यंत शाबूत राहतो. अ‍ॅम्प काढून टाकताना आपण आवाजाबरोबर हा इनपुटही काढून टाकतो, हे लक्षात येत नाही. तुमच्या इंटरफेसच्या दर्शनी बाजूला 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' असे लिहिलेले बटण किंवा जॅक नक्की असेल. तो इनपुट बहुधा १ मेगाओहमच्या आसपासचा असतो आणि तो याच कामासाठी दिलेला आहे. आधी तिथे लावून बघा.

केबलबद्दलही थोडे. सर्वसाधारण गिटार केबलमध्ये दर मीटरला अंदाजे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतो. तुमच्या सहा मीटरमध्ये ६०० झाला, त्यात पिकअपचा स्वतःचा शंभरेक. पिकअपच्या इंडक्टन्सशी मिळून त्याचा अनुनाद ३,००० हर्ट्झच्या आसपास पडतो आणि त्याच्या वरचे सगळे झपाट्याने उतरते. केबल तीन मीटरची केली तर तोच अनुनाद ४,००० च्या जवळ सरकतो. हा फरक कानाला स्पष्ट जाणवतो. खुर्चीवर बसून इंटरफेससमोर वाजवणाऱ्याला सहा मीटर केबलची गरज काय?

खर्जातला

तांबेतार यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मला वेगळ्या बाजूने लिहायचे आहे, कारण मूळ प्रश्नात एक संकोच डोकावतो, की थेट मुद्रण म्हणजे अ‍ॅम्प नसलेल्याने केलेली तडजोड. बासच्या बाबतीत हे खरे नाही.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या संगीत कंपनीच्या स्टुडिओत १९६० च्या दशकात जेम्स जेमरसन यांची बास थेट कन्सोलला (मिक्सिंगच्या टेबलाला) जोडून मुद्रित होत असे. १९६२ ची फेंडर प्रिसिजन बास, तिच्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा आणि स्टुडिओतल्या माणसांनीच बांधलेला डायरेक्ट बॉक्स, एवढीच ती सामग्री. १९६७ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओतही बीटल्सच्या मुद्रणात ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून बास थेट टेबलाला जोडली गेली. या मंडळींकडे अ‍ॅम्प नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी थेट मार्ग निवडला तो बासचा प्रत्येक स्वर सारख्या वजनाने आणि स्वच्छ मिळतो म्हणून.

हे सारखे वजन किती मोलाचे आहे ते तुमच्या खोलीच्या मापावरून सांगतो. बासच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा, म्हणजे 'ई'चा, स्वर ४१ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ती मावत नाही. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज अडकून जे स्वर विनाकारण फुगतात, ते बारा फुटांच्या बाजूने ४७-४८ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या बाजूने ५७ हर्ट्झच्या आसपास येतात. 'ई' तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा 'जी' ४९ हर्ट्झचा आहे. तुम्ही अ‍ॅम्प लावून त्यासमोर मायक्रोफोन ठेवलात, तर हा 'जी' प्रत्येक वेळी घुमेल आणि त्याच्या शेजारचे स्वर मागे राहतील; मिक्सिंग करणाऱ्याला तो एकच स्वर पकडून खाली दाबत बसावे लागेल. थेट मुद्रणात खोली ध्वनीच्या वाटेत येतच नाही. मुंबईतल्या खोल्यांची मापे पाहता, घरी बास मुद्रित करणाऱ्याने अ‍ॅम्प असला तरी थेटच करावे असे माझे ठाम मत आहे.

मंद्रसप्तक

आपणा दोघांचे मनापासून आभार. इंटरफेसच्या पुढच्या बाजूला 'इन्स्ट' बटण आहे, ते दाबून आणि मित्राकडून छोटी केबल आणून लावली. फरक ऐकून मी थक्क झालो. बोटाचा स्पर्श, तारेवरून बोट सरकल्याचा बारीक आवाज, सगळे आले.

मात्र वरची पट्टी मोकळी झाल्यावर घूं आवाजही जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागला आहे. त्यात आता एक बारीक, टोचणारी झर्रर्र अशी छटा जाणवते. आमची इमारत रेल्वे रुळांपासून फार लांब नाही. त्याचा संबंध असू शकतो का? आणि आता डीआय बॉक्सची गरज उरली आहे का?

अर्थिंग

माझे काम घरगुती वायरिंगचे आहे, गिटारही वाजवतो, म्हणून या भागावर सविस्तर लिहितो.

आधी दोन आवाज वेगळे ओळखा. गोल, खोल, एकसुरी घूं हा आपल्या ५० हर्ट्झ विजेचा आणि त्याच्या १००-१५० हर्ट्झच्या पटींचा असतो. सिंगल कॉइल पिकअप हा एका अर्थाने अँटेनाच असल्यामुळे तो जवळच्या ट्रान्सफॉर्मर, मोटर, चार्जर यांचे चुंबकीय क्षेत्र उचलतो. टोचणारी झर्रर्र मात्र बहुतेक वेळा विजेची लहर मध्येच कापणाऱ्या उपकरणातून येते, आणि आपल्या घरांत असे सर्वांत मोठे उपकरण म्हणजे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. ज्या रेग्युलेटरची कळ कुठेही न अडकता सलग फिरते, त्यात ट्रायक, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका, असतो. तो प्रत्येक अर्ध्या लहरीचा थोडा भाग कापून टाकतो आणि त्या कापलेल्या कडेतून वरच्या पट्टीपर्यंत जाणारा गोंगाट निर्माण होतो. एक-दोन-तीन-चार अशा ठरावीक पायऱ्यांवर 'टक टक' करत थांबणारा रेग्युलेटर सहसा कपॅसिटरवर चालतो आणि तो लहर कापत नाही. तुमच्या भिंतीवर कुठला आहे ते बघा. पंखा पूर्ण वेगाने, नंतर मध्यम वेगाने, नंतर पूर्ण बंद करून हेडफोनमध्ये ऐका. मध्यम वेगाला झर्रर्र सर्वांत जास्त आणि बंद केल्यावर नाहीशी होत असेल तर कारण सापडले. पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवणे हे वायरमनचे थोड्या वेळाचे काम आहे, आणि मुंबईच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून मुद्रण करण्यापेक्षा तो खर्च केव्हाही परवडतो. स्वस्त एलईडी दिवे आणि मंद-प्रखर करता येणारे दिवेही अशाच पद्धतीने एकेक बंद करून तपासा.

रेल्वेबद्दल सांगायचे, तर मुंबईच्या लोकल पूर्वी १,५०० व्होल्ट डीसीवर धावत. टप्प्याटप्प्याने सर्व मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर नेले गेले आणि ते काम २०१६ मध्ये पूर्ण झाले. ही एसी आपल्या घरातल्या विजेसारखीच ५० हर्ट्झची आहे. अगदी रुळांना खेटून असलेल्या खोलीत तिचा परिणाम नाकारता येत नाही, पण चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर कमी होत जाते, आणि तुमच्या मांडीपासून हातभर अंतरावर असलेला चार्जर त्या ओव्हरहेड तारेपेक्षा अधिक त्रास देतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: गाडी जाताना आवाज बदलत असेल तर रेल्वे, एरवी कायम सारखा असेल तर घर.

उपाय साधे आहेत. बास हातात धरून जागेवरच सावकाश गोल फिरा. एका विशिष्ट दिशेला घूं लक्षणीय कमी होतो, कारण पिकअप आणि त्या क्षेत्राची दिशा काटकोनात येते. त्या दिशेला तोंड करून खुर्ची मांडा. तुमच्या बासला दोन पिकअप आहेत. आजच्या बहुतेक जॅझ पद्धतीच्या बासमध्ये त्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घूं परस्पर कटतो. एकच पिकअप हवा असेल तर आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडल्याने विद्युत क्षेत्रातून येणारा आवाज कमी होतो; चुंबकीय क्षेत्रातून येणारा घूं मात्र तिने जात नाही. ही पट्टी, सोल्डर, चांगले जॅक, सगळे लॅमिंग्टन रोडला मिळते.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो ही काळजीची बाब नाही. तुमचे शरीर खोलीतले विद्युत क्षेत्र गोळा करते आणि तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असल्यामुळे हात लावताच शरीरही ग्राउंड होते. तारेला हात लावल्यावर आवाज वाढत असेल किंवा बोटाला झिणझिण्या येत असतील, तर मात्र ताबडतोब वाजवणे थांबवा. जुन्या इमारतींत दोन पिनांचे सॉकेट आणि अर्थिंगचा अभाव अजूनही आढळतो. तीन पिनांच्या सॉकेटमागेही अर्थची तार जोडलेलीच नाही, असेही मी पाहिले आहे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्या. घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडणे किंवा ती वगळणारा अडॅप्टर लावणे, हे कोणीही, कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्या तारेवर तुमचा जीव अवलंबून आहे.

लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून बघा. अनेकांच्या घरी निम्मा त्रास तिथेच संपतो.

तांबेतार

डीआय बॉक्सचा प्रश्न राहून गेला होता. तुमच्या खोलीत, छोट्या केबलने, इन्स्ट इनपुटमध्ये मुद्रण करायचे असेल तर त्याची गरज नाही. डीआय बॉक्स दोन कामे करतो: पिकअपला हवा तसा इम्पीडन्स देतो आणि ध्वनी संतुलित करून लांब केबलमधून मायक्रोफोनच्या इनपुटपर्यंत सुखरूप पोहोचवतो. रंगमंचावरून मिक्सरपर्यंत तीस-चाळीस मीटर जायचे असेल तर त्याला पर्याय नाही. घरात इंटरफेस हातभर अंतरावर असतो.

घ्यायचाच असेल तर एवढे लक्षात ठेवा. पॅसिव्ह डीआयमध्ये फक्त ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या वेढ्यांचे प्रमाण बाराला एक असेल तर इम्पीडन्सचे प्रमाण त्याच्या वर्गाइतके, म्हणजे १४४ पट होते, आणि दीड हजार ओहमचा मायक्रोफोन इनपुट पिकअपला दोन लाख ओहमच्या आसपास भासतो. हा आकडा मेगाओहमपेक्षा कमी आहे, त्यामुळे वरची धार किंचित बोथट होते, आणि अनेकांना बासवर नेमके तेच आवडते. अ‍ॅक्टिव्ह डीआयचा इनपुट १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त असतो. तो बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर (मायक्रोफोनच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालतो. सोपा नियम असा की पॅसिव्ह बासला अ‍ॅक्टिव्ह डीआय आणि अ‍ॅक्टिव्ह बास किंवा कीबोर्डला पॅसिव्ह डीआय हे जोड सहसा चांगले जमतात. डीआयवरचा 'ग्राउंड लिफ्ट' हा खटका फक्त ध्वनीच्या केबलमधले ग्राउंड तोडतो, भिंतीतले अर्थिंग नव्हे. तो बिनधास्त वापरता येतो.

व्हॉल्व्हप्रेमी

बासपुरते वरचे सगळे मान्य. पण धाग्याच्या शीर्षकात गिटारही आहे, आणि गिटारच्या बाबतीत मला तीव्र हरकत नोंदवायची आहे. इलेक्ट्रिक गिटार हे अर्धेच वाद्य आहे. उरलेले अर्धे म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर. चांगला व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प समोर असताना वाजवणारा बोटे वेगळी चालवतो, कारण जोरात मारल्यावर अ‍ॅम्प दबतो, हलके वाजवल्यावर मोकळा होतो, आणि स्पीकरचा आवाज तारांपर्यंत परत येऊन स्वर लांबवतो. हेडफोन लावून बसलेल्या माणसाला हा प्रतिसाद मिळत नाही. थेट मुद्रित केलेल्या डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या गिटारचा, आवाज मला आजवर डब्यात माश्या भरल्यासारखाच ऐकू आला आहे.

खर्जातला

व्हॉल्व्हप्रेमी, तुमची हरकत रास्त आहे, पण माश्यांचे कारण वेगळे आहे, आणि त्याला इलाज आहे.

गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर जवळजवळ काहीच बाहेर सोडत नाही. डिस्टॉर्शन मूळ स्वराच्या वर असंख्य उपस्वर निर्माण करते, आणि त्यातले कर्कश उपस्वर हा स्पीकर अडवतो. पेडल सरळ इंटरफेसला जोडले की हे अडवणारे कोणी उरत नाही आणि सगळी भुणभुण जशीच्या तशी आत येते. १९६८ मध्ये बीटल्सनी 'रिव्होल्यूशन'साठी गिटार सरळ कन्सोलमध्ये घालून प्रिअँप मुद्दाम फाटेपर्यंत वाढवला होता. तो टोकदार, कागद फाडल्यासारखा आवाज त्यांना हवा होता म्हणून ते शोभले. आपल्याला तो नको असेल तर डिस्टॉर्शननंतर स्पीकरची जागा घेणारे काहीतरी हवेच.

ते काम आज इम्पल्स रिस्पॉन्स करतो. खऱ्या स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवून, त्याला चाचणीचा ध्वनी देऊन, तो स्पीकर, तो मायक्रोफोन आणि ती जागा मिळून ध्वनीत काय बदल करतात याची एक छोटी फाइल तयार केलेली असते. सॉफ्टवेअर तुमच्या थेट आवाजावर तो बदल लागू करते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी गिटार, मग अ‍ॅम्पचे सॉफ्टवेअर किंवा पेडल, आणि त्यानंतर इम्पल्स रिस्पॉन्स. अ‍ॅम्पच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच कॅबिनेट (स्पीकरच्या पेटीची नक्कल) चालू असताना वर आणखी एक इम्पल्स लावू नका. दोन स्पीकर एकामागे एक जोडल्यासारखा तो आवाज घुसमटतो.

प्रतिसादाच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. व्हॉल्व्हचा दाब सॉफ्टवेअर बऱ्यापैकी देते, पण स्पीकरपासून तारेपर्यंत परत येणारा आवाज हेडफोन देऊ शकत नाही. ज्या गाण्यात गिटारचा स्वर दहा सेकंद हवेत धरून ठेवायचा आहे, तिथे अ‍ॅम्पच हवा.

व्हॉल्व्हप्रेमी

हे पटले. कॅबिनेटशिवाय डिस्टॉर्शन ऐकून मी मत बनवले होते, हे खरे. मग माझा पर्याय असा: घरी रात्री गिटार थेट आणि कोरी मुद्रित करायची, ऐकताना सॉफ्टवेअरचा अ‍ॅम्प वापरायचा, आणि नंतर तोच कोरा ट्रॅक रीअँप बॉक्समधून स्टुडिओतल्या खऱ्या अ‍ॅम्पमध्ये घालून मायक्रोफोनने पुन्हा मुद्रित करायचा. रीअँप बॉक्स हे डीआयच्या उलट काम करतो. इंटरफेसचा मोठा, संतुलित, कमी इम्पीडन्सचा ध्वनी तो गिटारच्या पातळीवर उतरवतो. स्टुडिओचा तासभर अ‍ॅम्पसाठी घेतला तर अनेक गाण्यांच्या गिटार त्यात होऊन जातात, कारण वाजवणे आधीच पूर्ण झालेले असते.

एक सावधगिरी. थेट ट्रॅक आणि मायक्रोफोनचा ट्रॅक एकत्र वापरणार असाल तर वेळ जुळवून घ्या. मायक्रोफोन स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज सुमारे ०.८६ मिलिसेकंद, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४१ सॅम्पल उशिरा येतो. एवढ्याशा फरकाने ५८० हर्ट्झच्या आसपासचा भाग परस्पर कटतो आणि दोन ट्रॅक मिळून एकापेक्षा पातळ वाटतात. बासवर हे विशेष जाणवते.

लालबागचा ठेका

मी बेंजो पार्टीत बेंजो, म्हणजेच बुलबुल तरंग, वाजवतो. मिरवणुकीत आमचे सगळे स्पीकरवरच असते, पण आता एका अल्बमसाठी शांत खोलीत मुद्रण करायचे आहे. बुलबुल तरंगावर बसवलेल्या पिकअपला हे सगळे नियम लागू होतात का? माझ्याकडे दोन वाद्ये आहेत. एकाला चुंबकीय पिकअप आहे, दुसऱ्याला पिझोची (कंपनातून वीज निर्माण करणारी) चकती चिकटवलेली आहे. पिझोवाले इंटरफेसला जोडले की आवाज पत्र्यासारखा येतो.

तांबेतार

फार चांगला प्रश्न. बेंजोच्या मुद्रणावर मराठीत कोणी काही लिहिलेले माझ्या वाचनात नाही, म्हणून तुम्ही जे कराल ते इथे जरूर नोंदवा.

चुंबकीय पिकअपला वरचे सगळे लागू आहे. पिझोचे गणित मात्र नेमके उलटे. पिझो विद्युतदृष्ट्या एक छोटा कपॅसिटर असतो, त्यामुळे इनपुटचा इम्पीडन्स अपुरा पडला तर तो खालचे स्वर गमावतो. उदाहरणादाखल पिझोचा कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड धरला, तर १ मेगाओहमच्या इनपुटवर १६० हर्ट्झच्या खालचे सगळे उतरू लागते. लाइन इनपुटला जोडले तर जवळजवळ सगळा भरीवपणाच जातो, आणि तोच तुमचा पत्रा. इनपुट १० मेगाओहमचा मिळाला तर हीच सीमा १६ हर्ट्झवर जाते, म्हणजे कानाच्या कक्षेबाहेर. कंट्रीमन कंपनीच्या टाइप ८५ सारख्या काही डीआयचा इनपुट १० मेगाओहमचा असतो. किंवा पिझोसाठीचा छोटा प्रिअँप वाद्यातच बसवून घ्या. तुम्हाला डीआयची खरी गरज आहे, धागाकर्त्यांना नव्हती.

बेंजोच्या पट्ट्यांची खटखट पिझो जास्त उचलतो. शक्य असेल तर एक मायक्रोफोन वरून लावून थोडा मिसळा.

मंद्रसप्तक

पंख्याचा रेग्युलेटर बदलला आणि झर्रर्र पूर्ण गेली. लॅपटॉप बॅटरीवर, दोन्ही पिकअप उघडे, खुर्ची खिडकीकडे तोंड करून. आता गाणे सुरू असताना घूं अजिबात ऐकू येत नाही. वायरमनने अर्थिंगही तपासले. अर्थिंग यांचे विशेष आभार.

शेवटचे दोन प्रश्न. पातळी किती ठेवावी, आणि हेडफोनमध्ये माझाच आवाज किंचित उशिरा येतो, त्याचे काय? मिक्सिंग अंधेरीच्या एका स्टुडिओत होणार आहे. त्यांना काय पाठवावे?

खर्जातला

पातळी २४ बिटला मुद्रित करताना वर ठेवण्याची गरज नाही. सर्वसाधारण वाजवणे उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत जोरकस ठोका उणे ६ च्या खाली राहील असा गेन लावा. गेन ठरवताना हळू नव्हे, गाण्यातला सर्वांत जोरकस तुकडा वाजवून ठरवा. अंगठ्याने मारलेला स्लॅप बोटाच्या स्वराच्या कितीतरी पट वर उडी मारतो आणि इनपुट एकदा फाटला की तो दुरुस्त होत नाही.

उशिराचे कारण बफर, म्हणजे संगणक ध्वनी पुढे पाठवण्यापूर्वी साठवतो तो छोटा तुकडा, आहे. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट, आणि वर कन्व्हर्टर व यूएसबीचा वेळ. ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात ३५ सेंटिमीटर जातो, म्हणजे साडेतीन मीटरवरच्या अ‍ॅम्पमधूनही तुम्हाला १० मिलिसेकंद उशिराच ऐकू येते. तिथपर्यंत बोटे जुळवून घेतात, त्याहून जास्त झाले की ठेका मागे पडतो. बासला सॉफ्टवेअरचा अ‍ॅम्प ऐकण्याची गरज नसेल तर इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता सरळ हेडफोनमध्ये ऐकणे) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधला तो ट्रॅक ऐकण्यापुरता बंद ठेवा, उशीर संपला. कोरी बास ऐकायला रुक्ष वाटते हे मान्य, पण ड्रम्सच्या ट्रॅकसोबत ऐकलीत तर ती बसते.

अवांतर, पण कामाचे: पावसाळ्यात जॅक आणि पॉटवर (व्हॉल्यूम-टोनच्या कळांच्या आतल्या भागावर) दमटपणाने थर चढतो आणि खरखर सुरू होते. बास पिशवीत सिलिका जेलसह ठेवा आणि मुद्रणापूर्वी जॅक काही वेळा आत-बाहेर करून घ्या.

स्टुडिओला दोन ट्रॅक पाठवा: एक पूर्णपणे कोरा, ज्यावर कॉम्प्रेशन, इक्वलायझर काहीही नाही, आणि दुसरा तुम्हाला मनात हवा असलेला आवाज लावलेला, जेणेकरून तुमचा हेतू त्यांना कळेल. दोन्ही वेव्ह फाइल, २४ बिट, गाण्याचे सत्र ज्या सॅम्पल रेटला आहे त्याच रेटला, आणि दोन्ही गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू होणाऱ्या, बास तिसाव्या सेकंदाला येत असली तरी. फाइलच्या नावात गाण्याचे नाव, वाद्य आणि टेम्पो लिहा. नॉर्मलाइझ करू नका, म्हणजे सॉफ्टवेअरने पातळी कमाल करून घेऊ नका. आणि प्रत्येक टेक घेण्यापूर्वी ट्यूनर बघा. थेट बासमध्ये किंचित उतरलेली तार लपवायला अ‍ॅम्पचा घोगरेपणा किंवा खोलीचा घुमार नसतो.